कृपया आपापल्या जागेवर बसून राहा

आमचं काम साधं होतं. उद्या ग्राउंडवर मोठा गाण्याचा कार्यक्रम, स्टेज उभं राहिलेलं, स्पीकर टांगलेले. आम्हाला फक्त बाजूच्या गेटने आत जायचं होतं, माईक चालू करायचा होता, आणि ढापण्याला गाढवासारखं ओरडायचं होतं. ढापण्या गाढवाचा आवाज इतका झकास काढतो की एकदा खरं गाढव त्याच्या मागे घरापर्यंत आलं होतं. तीस हजार माणसांच्या ग्राउंडवर तो आवाज कसा घुमतो ते बघायचं होतं. शास्त्राचा प्रयोग म्हणा.

बाजूच्या गेटची चावी असते डिझेलकाकांकडे, कारण कार्यक्रमाला त्यांचे जनरेटर लागतात. रात्री ते शेडच्या दारात लोखंडी खुर्ची टाकून बसतात. माणूस कडू. पोरं दिसली की चेहरा असा करतात जणू कोणी त्यांच्या पायावर पाय दिला.

बारक्याने तोंड गोड केलं. "काका, आमचा बॉल आत गेलाय."

"रात्री दहा वाजता?"

"दुपारी गेला. आठवण आत्ता झाली."

काकांनी आम्हा तिघांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "माईकवर ओरडायचंय ना?"

ढापण्या आपला चष्मा पुसायला लागला. पकडला गेला की तो चष्मा पुसतो.

"बसा खाली," काका म्हणाले. "चावी देतो. पण आधी ऐकायचं. ऐकून झाल्यावर मागितलीत तर देतो."

फुकटात चावी मिळतेय तर गोष्ट ऐकायला आमचं काय जातंय. बसलो. इथून पुढे सगळं काका बोलतायत. मी फक्त त्यांच्या शिव्या गाळल्यात, नाहीतर हे दुप्पट लांब झालं असतं.

*

तुम्ही ग्राउंड ग्राउंड म्हणता ना, ते मुळात ग्राउंड नव्हतंच. खड्डा होता. वीटभट्टीवाल्यांनी माती काढून काढून केलेला. तुम्ही ज्या घरात झोपता त्या घराच्या विटा तिथूनच आल्यात. अर्धं शहर त्या खड्ड्यातून बाहेर निघालंय. मग माती संपली, खाली खडक लागला, भट्ट्या बंद पडल्या. रिकाम्या खड्ड्याचं लोक काय करतात? कचरा टाकतात. फुटक्या बादल्या, मोडके पलंग, मेलेली कुत्री. बरीच वर्षं तेच चाललं.

एक ठेकेदार होता. एकदा तो काठावर उभा होता आणि त्याचे मजूर खाली तळाला बसून त्याला शिव्या देत होते. शब्द न् शब्द त्याला वर ऐकू आला. दुसऱ्याने ऐकल्या असत्या तर भांडला असता. हा खूश झाला. म्हणाला, इथे कार्यक्रम करायचे. कचऱ्यावर मुरूम टाकला, तळाला फळ्यांचं स्टेज केलं, समोर बाकडी लावली.

चाललं बरं का ते. गाणी झाली, नाटकं झाली. एक जादूगार आला होता, म्हणाला वाघ गायब करून दाखवतो. वाघ आलाच नाही. लोक ओरडायला लागले तर म्हणतो, केला ना गायब.

हसा. आता हसून घ्या.

मग त्या ठेकेदाराने एका मोठ्या गायकाच्या नावाने तिकिटं विकली. नाव सांगत नाही. मेलाय तो, मेलेल्याला कशाला त्रास. लोक गाड्या भरभरून आले. बाकडी भरली, उतार भरला. ज्यांना तिकीट परवडत नव्हतं ते वर काठावर, कडेकडेने, पोरं खांद्यावर घेऊन उभे. फुकटे. आणि काठ म्हणजे काय होता? नुसती माती.

गायक येणार नव्हता. ठेकेदाराला दुपारीच कळलं होतं. पण सांगायची छाती नव्हती, लोकांनी फाडून खाल्लं असतं. त्याने काय केलं, गेटला बाहेरून कुलूप घातलं आणि निवेदकाला सांगितलं, तू बोलत राहा. निवेदक बोलत राहिला. "रसिकहो, थोड्याच वेळात कार्यक्रम सुरू होत आहे. कृपया आपापल्या जागेवर बसून राहा."

लोक बसून राहिले.

थोड्या वेळाने परत तेच. मग परत. कोणी उठलं की मागचे ओरडायचे, ए, बस खाली, दिसत नाही. अरे दिसत काय नव्हतं, स्टेज रिकामं होतं. पण ओरडायचे. वैतागलेली माणसं शेजारच्यावरच राग काढतात. वरचे फुकटे पण कंटाळले. खाली काय चाललंय बघायला पुढे सरकले. अजून थोडे पुढे.

आणि काठ खाली आला. माणसांसकट. खाली बसलेल्या माणसांवर.

जे उठू शकले ते गेटकडे पळाले. गेटला कुलूप.

किती गेले विचारू नकोस, बारक्या. ठेकेदाराचा आकडा वेगळा, दवाखान्याचा वेगळा, आणि ज्यांच्या घरातलं माणूस परत आलं नाही त्यांना आकड्याशी काय घेणं.

ठेकेदार? तो दुसऱ्या शहरात गेला. चांगला जगला. नातवंडं बघितली. तुम्हाला काय वाटतं, भुतं न्याय करतात? भुतं जो सापडेल त्याला धरतात.

पुढे कितीतरी वर्षं तो खड्डा पडून होता. शेळ्या चरायच्या. शेळ्यांना कधी काही झालं नाही. शेळ्यांनी माईक हातात घेतला नाही ना. मग एक कंपनी आली. सिमेंटच्या पायऱ्या केल्या, लोखंडी छप्पर टाकलं, बाथरूममध्ये माणसाएवढे आरसे लावले. नवीन नाव दिलं. मोठमोठे लोक यायला लागले. तुम्ही ज्यांचे फोटो भिंतीला लावता ते सगळे तिथे गाऊन गेलेत, आणि कोणाला काहीही झालेलं नाही. कारण समोर खरी माणसं बसलेली असली की काही होत नाही.

पण साऊंडवाल्यांच्यात एक पद्धत पडलीय. कोणी लिहून ठेवलेली नाही, एकमेकांना सांगतात. ग्राउंड रिकामं असताना माईक तपासायचा तर फक्त आकडे. हॅलो, एक, दोन, तीन. वाक्य बोलायचं नाही. कार्यक्रमाचं तर नावच काढायचं नाही.

आता ऐका. माझा मेव्हणा साऊंडवाला. बायकोचा धाकटा भाऊ. कान असा तिखट की शेजारच्या घरातला फ्रिज बंद पडला तर याला कळणार. बहिणीने काम सांगितलं की मात्र ठार बहिरा. त्याची बायको लवकर गेली. एक मुलगी, चिऊ. तिला घरी ठेवणार कोणाकडे, म्हणून लहानपणापासून ती बापाबरोबर प्रत्येक कार्यक्रमाला. मिक्सरच्या टेबलाखाली चादर अंथरून झोपायची. कानावर सतत तेच. गाणी पाठ झाली, आणि निवेदकांची बडबडही पाठ झाली. घरी आली की पदर घेऊन निवेदकाची नक्कल करायची. आम्ही हसून हसून लोळायचो.

मोठी झाली, गायला लागली. चांगली गायची. पण माणसं समोर दिसली की गळा आवळायचा. एका हॉलमध्ये नुसती उभी राहिली, तोंडातून हूं की चूं नाही, आणि लोक हसले. त्या रात्री बापाला म्हणाली, बाबा, अजून एकदाच. परत असं झालं तर मी गाणं सोडणार. मला आयुष्यात परत सांगायचं नाही.

आणि ती एक वेळ आली ती या ग्राउंडवर. मोठा कलाकार येण्याआधी एक गाणं तिचं. एकोणीस वर्षांची पोर आणि समोर तीस हजार माणसं. जेवण जाईना तिला. मेव्हण्याने ठरवलं, आदल्या रात्री रिकाम्या ग्राउंडवर हिला एकदा उभी करू. जागा ओळखीची झाली की भीती मोडेल.

डिसेंबरची वीस तारीख. शुक्रवार. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगला चंद्र होता. भुतं काय कॅलेंडर बघून निघत नाहीत. दोघं माझ्याकडे आले, जनरेटर लावून द्या म्हणाले. मी गेलो, लावून दिला. माझी पाठ धरली होती, म्हटलं मी घरी जातो, झालं की बंद करून चावी आणून द्या. चिऊ म्हणाली, "आतोबा, उद्या पहिल्या रांगेत बसा. मी घाबरले तर तुमच्याकडे बघून गाईन. तुमच्या तोंडाकडे बघितलं की वाटतं याहून वाईट काही होऊ शकत नाही."

अशी होती पोरगी.

निघताना मेव्हण्याला म्हटलं, गेट आतून लावून घे, तांब्यासाठी केबल कापून नेणारे फिरतात. त्याने आतून कुलूप घातलं, चावी खिशात टाकली. पुढचं त्याने मला सांगितलेलं. त्याच रात्री सांगितलं.

चिऊ स्टेजवर गेली. तो मिक्सरवर. आता मिक्सर कुठे असतो, तर ग्राउंडच्या बरोबर मधे. स्टेज लांब. दुसऱ्या बाजूचं आपलं गेटही तेवढंच लांब. मिक्सरवाल्याकडे एक छोटा माईक असतो, त्यावर तो बोलला की गाणाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून फक्त त्यालाच ऐकू येतं. त्याने एक दिवा तिच्यावर सोडला. त्या दिव्यामागे तिला काही दिसत नव्हतं. त्याला ती दिसत होती. एवढी एवढीशी.

"बोल गं."

"हॅलो. एक. दोन. तीन."

आवाज घुमला. खड्डाच तो, रिकामा असला की घुमतोच. एक म्हटलं की दोनदा एक ऐकू येतं. पण पोर पुटपुटत होती. परत तेच, एक, दोन, तीन, तोंडातल्या तोंडात. मेव्हण्याला वाटलं, हिला आधी मोकळी करू. गाण्याच्या आधी जरा हसू दे. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आकडे राहू दे, चिऊ. मोकळं बोल काहीतरी. तोंडात येईल ते."

आणि तिच्या तोंडात काय आलं?

पदर डोक्यावरून घ्यायचा राहिला, बाकी सगळी नक्कल केली तिने. आवाज जाड करून. "रसिकहो. थोड्याच वेळात कार्यक्रम सुरू होत आहे. कृपया आपापल्या जागेवर बसून राहा."

मेव्हणा हसला. म्हणाला, खरंच हसलो भावोजी, आधी हसलोच.

मग त्याच्या लक्षात आलं.

घुमला नाही.

आवाज घुमला नाही. "बसून राहा" म्हटलं आणि तिथेच संपलं. गादीवर दगड टाकावा तसं. कळतंय का तुम्हाला? रिकामं ग्राउंड घुमतं. माणसं भरली की घुमायचं थांबतं. माणसांची अंगं आवाज पितात. कुठल्याही साऊंडवाल्याला विचारा, डोळे मिटून सांगेल ग्राउंड रिकामं आहे की भरलंय.

मेव्हण्याने डोळे मिटले नाहीत. चांगले उघडे ठेवले. समोर चंद्राच्या उजेडात सिमेंटच्या पायऱ्या. रिकाम्या. आणि कान सांगत होते... भरलंय.

मिक्सरवर एक पट्टी असते दिव्यांची. प्रेक्षकांच्या टाळ्या रेकॉर्ड करायला लोकांच्या दिशेने दोन माईक लावतात, त्यांची. ती पट्टी हलायला लागली. हिरवे दिवे, वर, खाली. वर, खाली. कार्यक्रमाआधी लोक कुजबुजत असतात ना, तेव्हा हलते तशी.

बाहेर कानाला काही नाही. नुसता लांबून जनरेटर.

त्याने हेडफोन लावला.

खोकला. कोणीतरी खोकत होतं. बांगड्या वाजल्या. पाय घासले. एक पोर रडत होतं, त्याची आई म्हणत होती, होईल हं, आत्ता सुरू होईल. तिकडे कोणीतरी म्हातारा म्हणाला, "किती वेळ बसायचं अजून?"

हेडफोन काढला. काही नाही.

लावला. "आली, आली, बाई आली एक."

मेव्हणा उभा राहिला. छोटा माईक तोंडाशी धरला. "चिऊ, खाली उतर. काही विचारू नकोस. स्टेजच्या मागून उतर."

चिऊने मान डोलावली. हसली. आणि गायला लागली.

का हसली, तिने नंतर सांगितलं. म्हणाली, बाबा, तुम्हीच तर म्हणालात, गा.

तो ओरडायला लागला, आणि मागून कोणीतरी म्हणालं...

"ए. बस खाली. दिसत नाही."

हेडफोनमधून नाही. असं. मानेवर.

मेव्हणा बसला. काय करेल? बसला, आणि समोर पोर गात होती. भावोजी, म्हणाला, असं ती कधीच गायली नव्हती. एक सूर चुकला नाही. भीती नाही, काही नाही. हाच दिवस बघायला मी जगलो होतो, आणि मला तो बघवत नव्हता.

गाणं संपलं.

टाळी नाही.

एकही नाही. एवढी माणसं आणि... कुजबूजही थांबली. बघत होते नुसते.

मग एकजण म्हणाला, "वन्स मोअर."

कौतुकाने म्हणतात तसा नाही. धमकी देतात तसा.

चिऊ हसली. तिला वाटलं पायाशीच्या स्पीकरमधून बापच चेष्टा करतोय. पुन्हा गायली. तेच गाणं. संपलं. टाळी नाही. "वन्स मोअर." तिसऱ्यांदा गायली. चौथ्यांदा घसा खरखरायला लागला. मेव्हण्याने विचार केला, आवाजच बंद करतो. हळूच हात पुढे केला, तिच्या माईकची पट्टी खाली ओढली. ग्राउंडवर आवाज बंद.

सगळे उठले.

दिसलं नाही काही. ऐकू आलं. हजारो माणसं एकदम उठताना कपड्यांचा जो आवाज होतो तो. आणि वरून, काठाकडून, काहीतरी मिक्सरवर पडलं. टप टप. त्याने बोट फिरवलं. माती. अरे, काठाला आता सिमेंट आहे. माती कुठली?

त्याने पट्टी परत वर केली.

बसले.

पाचव्यांदा... काय रे, चष्मा कशाला पुसतोस? बस नीट.

पाचव्यांदा मधेच तिचा आवाज फाटला. थांबली. माईकमध्ये म्हणाली, "बाबा, पुरे ना आता. घसा बसला."



तिच्या पायाजवळच्या स्पीकरमधून आलं, "वन्स मोअर."

तेव्हा तिला कळलं. तो आवाज बापाचा नव्हता. तिने दिव्यावर हात धरून अंधारात बघायचा प्रयत्न केला. "बाबा? तुम्ही कुठे आहात?"

मेव्हणा तिच्याकडे धावणार होता. दोन पावलं गेला. शर्ट मागून धरला कोणीतरी. पुढूनही कोणीतरी. गुडघे, खांदे, पाठी. गच्च भरलेल्या रांगेतून कधी घुसला आहात का? तसं. आणि समोर काही नाही. नुसत्या पायऱ्या. "कुठे चाललास? बस. आम्ही नाही बसलो?"

चिऊ गायला लागली. रडत. आवाज नव्हता, नुसती हवा येत होती तोंडातून. तरी गात होती, कारण थांबलं की काय होतं ते तिला आता दिसत होतं. काय दिसत होतं, ते तिने कधी सांगितलं नाही.

मेव्हणा मागे सरकला. मिक्सरपर्यंत. छोटा माईक उचलला आणि तो सगळ्या ग्राउंडवर सोडला. सगळे स्पीकर. म्हणाला...

"कार्यक्रम रद्द झालाय."

चिऊ थांबली. सगळं थांबलं.

"गायक येणार नाहीत. ते येणारच नव्हते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी सांगतो. रद्द झालाय कार्यक्रम. घरी जा."



मग ते मघाचं पोर. रडणारं. अगदी माईकजवळ येऊन विचारल्यासारखं.

"मग आम्हाला बसवून का ठेवलं?"

मेव्हण्याने माईक खाली ठेवला.

आणि मग ते उठले. सगळे. या वेळी बसले नाहीत.

मातीची टपटप सुरू झाली. मिक्सरवर. त्याच्या डोक्यावर. स्टेजच्या छपरावर खडखड, खडखड. एका बाजूला पोरगी. दुसऱ्या बाजूला गेट. गेटला कुलूप, आणि चावी याच्या खिशात. अंतर सारखंच. एकाच ठिकाणी जाता येणार होतं.

तो पोरीकडे गेला नाही.

गेटकडे पळाला. या वेळी कोणी अडवलं नाही. मागून सगळे येत होते. चिऊ स्टेजवरून ओरडत होती, बाबा, मला सोडून जाऊ नका, मला सोडून... त्याला कुलूप सापडेना. सापडलं तर चावी लागेना. पाठीवर माणसं आदळायला लागली. छाती गेटच्या लोखंडाला चेपली. श्वास... श्वास घेता येईना. म्हणाला, भावोजी, तेव्हा कळलं ते कसे मेले.

कुलूप निघालं.

गेट उघडलं. तो कडेला भिंतीला चिकटून उभा राहिला. आणि ते गेले. त्याला घासून. कोपरं लागली बरगड्यांत. पावलं पडली पायावर. कोणी त्याच्या कानाशी शिवी दिली. कोणी थुंकलं. एकानेही आभार मानले नाहीत, का मानावेत? किती वेळ जात होते, सांगता येत नाही.

मग लांबून हाक आली. "बाबा."

आणि मागोमाग परत. "बाबा."

घुमली. हाक घुमली. ग्राउंड रिकामं झालं होतं.

तो धावत गेला. चिऊ स्टेजवर गुडघ्यात डोकं घालून बसली होती. उचललीच तिला. जनरेटर तसाच चालू, दिवे चालू, मिक्सर चालू. काही बंद केलं नाही. गेटमधून बाहेर पडताना ती जरा अडखळली. हात पुढे केला, असा, उजवा, तळवा खाली करून. त्याने ओढलं. "काय झालं?"

घसा बसलेला, तरी कसंबसं म्हणाली, "तो माणूस म्हणाला, हात दाखव."

"कुठला माणूस?"

ती मागे बघायला लागली. याने बघू दिलं नाही.

तिथून सरळ माझ्या घरी. दार वाजवलं नाही, आपटलं. माझ्या बायकोने पोरीला पोटाशी धरलं. मी दिवा लावला. दिव्याखाली तिने पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला, आणि माझ्या बायकोने विचारलं, "हे गं काय मनगटावर?"

शिक्का होता. जांभळा. गोल.

तुम्ही बघितले नसतील. आता मनगटाला कागदी पट्टी बांधतात. पूर्वी मधेच कोणाला बाहेर जायचं असलं, पाणी प्यायला, पोराला शू करायला, तर गेटवरचा माणूस हातावर शिक्का मारायचा. परत आलं की हात दाखवायचा, आत सोडायचे. जो कायमचा घरी चाललाय त्याला शिक्का मारत नाहीत. ज्याला परत यायचंय... त्यालाच मारतात.

दुसऱ्या दिवशी ती गायली नाही. त्यानंतरही कुठे नाही. बापलेक हे शहर सोडून गेले. लांब राहतात. मी जातो अधूनमधून. घसा सुधारला तिचा, लग्न झालं, पोर आहे. बाहेर निघताना पूर्ण बाह्यांचं घालते. उन्हाळ्यातसुद्धा.

साबण लावून झाला. रॉकेल लावून झालं. डॉक्टरने कातडी खरवडून बघितली, नवीन कातडी आली, तिच्यावरही तो होता. परवा गेलो होतो तेव्हा तिने स्वतःच बाही वर केली. म्हणाली, आतोबा, हात लावून बघा.

मी बोट टेकवलं.

बोटाला शाई लागली. अकरा वर्षं झाली... अजून ओला आहे.